हंगाम संपण्याआधी: सीमाभागातील स्थलांतरित मजुराला कायद्याची माहिती आणि न्याय मिळवून देण्याची रीत

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी, कागवाड या तालुक्यांत ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे उतरतात आणि ऊन तापू लागले की परत जातात. वर्षानुवर्षे असे दिसते की मजुरीचा वाद बहुधा शेवटच्या आठवड्यात, हिशेबाला बसल्यावर उभा राहतो. त्या वेळी मजुराची भांडीकुंडी ट्रॅक्टरवर चढलेली असतात, मुले गावी जायला उतावीळ झालेली असतात आणि सरकारी कचेरीची पायरी चढायला कोणापाशी वेळ नसतो. एकदा टोळी गेली की साक्षीदार गेले, पत्ता गेला आणि तक्रारही गेली. म्हणून मदत करू पाहणाऱ्या माणसाने एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी: न्याय मिळवण्याचे निम्मे काम हंगाम चालू असताना करायचे असते, आणि ते कागद जमवण्याचे असते. हे लेखन गावातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटाच्या कार्यकर्त्या, तरुण मंडळे आणि विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक यांच्यासाठी आहे. वकिलाचे काम त्यांनी करावे, अशी अपेक्षा यात नाही.

मजूर कोण आणि कुठून आला, हे आधी नीट विचारावे, कारण त्यावर पुढचा कायदा ठरतो. आपल्या भागात बीड आणि धाराशिवकडून येणारे ऊसतोड मजूर आहेत, विजयपूर आणि कलबुर्गीकडून येणारेही आहेत. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्यांत आणि शहरातील बांधकामांवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील तरुण काम करतात, आणि वीटभट्ट्यांवर निरनिराळ्या ठिकाणची कुटुंबे राबतात. उलट खानापूर तालुक्यातील आपलीच माणसे गोवा, कोल्हापूर, पुणे येथे कामाला जातात. बीडहून अथणीला आलेला मजूर आंतरराज्य स्थलांतरित ठरतो. विजयपूरहून अथणीला आलेला तसा ठरत नाही, कारण त्याने राज्याची हद्द ओलांडलेली नाही. परंतु किमान वेतन, अपघात भरपाई, वेठबिगारीबंदी आणि मोफत विधी साहाय्य या चार गोष्टी दोघांनाही सारख्याच लागू आहेत. एखाद्या कचेरीत ‘तुम्ही आंतरराज्य मजूर नाही’ असे सांगून परत पाठवले, तर हा फरक लक्षात ठेवून शांतपणे पुन्हा अर्ज पुढे करावा.

कायद्यांच्या नावांचा गोंधळ सध्या सर्वत्र आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या आणि किमान वेतन कायदा, वेतन प्रदान कायदा, १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा असे अनेक जुने कायदे त्यांत सामावले गेले. कचेऱ्यांत मात्र अजून जुन्याच नावांनी बोलणे चालते. कार्यकर्त्याने कलमांच्या मागे लागू नये. अर्जात काय घडले, कधी घडले, कोणी केले आणि किती रक्कम येणे आहे, एवढे स्वच्छ लिहिले तर कलम अधिकारी शोधतो. कलमाचा आकडा चुकला म्हणून खरी तक्रार बुडत नाही, पण तारीख आणि रक्कम नसेल तर खरी तक्रारसुद्धा उभी राहत नाही.

ओळख आणि विश्वास

फडावर दिवसा जाऊन उपयोग नाही. मोळ्या बांधण्याची आणि गाडी भरण्याची घाई असते, शिवाय मुकादम, म्हणजे टोळी आणणारा माणूस, जवळच उभा असतो. संध्याकाळी खोपीवर किंवा बाजाराच्या दिवशी गावात भेट घ्यावी. बायकांशी बोलायला बचत गटाची बाई गेलेली बरी. पाण्याच्या नळावर जे कळते ते पुरुषांच्या बैठकीत कळत नाही. पहिल्या भेटीत कायदा सांगत बसू नये. रेशन, मुलांची शाळा, आजारपण यांतले एखादे काम करून द्यावे. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत बीडचे कार्ड असलेल्या कुटुंबाला आपल्या गावातील रेशन दुकानात धान्य घेता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुकानदाराने नकार दिला तर १४४४५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ई-श्रम नोंदणी झाली नसेल, तर आधार आणि मोबाईल क्रमांक घेऊन ती जवळच्या सेवा केंद्रात करून द्यावी. त्या कार्डावरचा बारा अंकी क्रमांक हाच पुढे अनेकदा ‘हा असंघटित कामगार आहे’ याचा पहिला लेखी पुरावा होतो. बांधकाम मजुराने मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केले असेल आणि वय १८ ते ६० असेल, तर कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात त्याची नोंदणी करावी. परराज्यातून आला म्हणून त्याला नाकारता येत नाही.

भाषेबाबत आपला सीमाभाग एका दृष्टीने सुदैवी आहे. बीडच्या मजुराशी मराठीत बोलणारा आणि त्याच अर्जाची कन्नड प्रत लिहू शकणारा माणूस इथे गावोगाव सापडतो. असा दुभाषी माणूस आधीच हेरून ठेवावा आणि फाउंड्रीतील मजुरांसाठी हिंदी बोलणारा दुसरा शोधावा.

हिशेबाची वही

सर्वांत जास्त मेहनत इथे घ्यावी. मजुराजवळ स्वतःचा हिशेब नसतो. जे काही असते ते मुकादमाच्या वहीत. प्रत्येक टोळीतला एक लिहिता येणारा मुलगा किंवा मुलगी निवडून शंभर पानी वही द्यावी आणि रोज पाच गोष्टी लिहायला लावाव्यात: तारीख, कोणाच्या शेतात तोड झाली, गाडीचा क्रमांक, किती कोयते (तोडणाऱ्या जोड्या) कामावर होते, आणि काट्यावर किती वजन भरले. वजनाची पावती मजुराच्या हाती क्वचित येते, पण ट्रॅक्टरवाल्याकडून किंवा चिटबॉयकडून (कारखान्याच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या माणसाकडून) ती पाहायला मिळते; तिचा फोटो काढून ठेवावा. कामाच्या खाड्यांची कारणेही लिहावीत. कारखाना बंद होता म्हणून बसून राहिलेला दिवस आणि मजूर आजारी म्हणून गेलेला दिवस हे वेगळे असतात, आणि हिशेबाला बसल्यावर दोन्ही एकाच रकान्यात घातले जातात. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, किती आणि कोणासमोर घेतली, आठवड्याची खर्ची किती मिळाली, पैसे रोख आले की फोनवरून आले, याची वेगळी पाने ठेवावीत. फोनवरील व्यवहार, मुकादमाचे आवाजी निरोप, फडावरचे फोटो हे सर्व पुरावेच आहेत, पण ते मूळ फोनमध्ये राहिले पाहिजेत. नवा फोन घेताना जुना विकून टाकू नका, हे आवर्जून सांगावे.

नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात आणि वहीत नाव फक्त नवऱ्याचे असते. यामुळे बाईची मजुरी कागदावर जन्मच घेत नाही. आपल्या वहीत दोघांची नावे वेगवेगळ्या ओळींत लिहावीत, कारण किमान वेतन माणसी मोजायचे असते, कोयत्याला नव्हे. एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे समजण्यापुरते आहेत. समजा एका जोडीने हंगामात ११० दिवस काम केले, रोज सरासरी दीड टन ऊस तोडला आणि टनाचा दर ४०० रुपये ठरला. मजुरी झाली ६६,००० रुपये. उचल होती ८०,००० आणि हंगामभरची खर्ची १६,०००, म्हणजे जोडीने एकूण ९६,००० रुपये घेतले. मुकादम सांगतो, तुमच्याकडे ३०,००० बाकी, पुढच्या वर्षी याल तेव्हा फेडा. आता दुसऱ्या बाजूने मोजून पाहावे. किमान वेतन दिवसाला माणसी ५०० रुपये धरले, तर दोघांचे ११० दिवसांचे वेतन १,१०,००० रुपये होते. म्हणजे जोडीकडून काही येणे नसून उलट तिलाच १४,००० रुपये देणे निघते. टनावर मजुरी ठरली तरी ती किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, हे तत्त्व इथे कामाला येते. शिवाय चार श्रमसंहितांपैकी वेतन संहितेने किमान वेतन ठरावीक उद्योगांपुरते न ठेवता सर्व रोजगारांना लागू केले आहे. प्रत्यक्ष दर कर्नाटक सरकारच्या चालू अधिसूचनेतून घ्यावा. महागाई भत्त्यामुळे तो दर एप्रिलमध्ये बदलतो. हा हिशेब टोळीसमोर मोठ्याने वाचून दाखवावा. कायद्याची दहा पत्रके वाटून जे होत नाही, ते या एका बेरीज-वजाबाकीने होते.

उचल, बाकी आणि अडवून ठेवलेली माणसे

उचल घेणे हा गुन्हा नाही आणि देणेही नाही. ‘बाकी फिटेपर्यंत तू दुसरीकडे जायचे नाहीस’ असे म्हणून माणसाला अडकवले, की ती वेठबिगारी होते. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्द ठरवले आहे, आणि ते कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर टाकली आहे, मजुरावर नव्हे. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बंदी घातलेली सक्तीची मजुरी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली म्हटले. आंतरराज्य मजुराच्या बाबतीत नव्या श्रमसंहितेतही तरतूद आहे की कामाचा काळ संपल्यावर न फिटलेले कर्ज संपले असे मानले जाईल आणि त्याच्या वसुलीचा दावा चालणार नाही.

दुसरी बाजूही दडवून ठेवू नये. आपल्या भागातील ट्रॅक्टरमालक आणि वाहतूकदार कर्ज काढून मुकादमाला लाखो रुपये उचल देतात आणि कधी कधी मुकादम टोळीच आणत नाही, किंवा मध्येच घेऊन पसार होतो. तो वाहतूकदार अनेकदा आपलाच भाऊबंद असतो, आणि त्याचे दुःख खरे असते. त्याला दिवाणी दाव्याचा आणि पोलीस तक्रारीचा मार्ग आहे. मजुराच्या बायकामुलांना खोपीवर रोखून धरण्याचा मार्ग त्याला नाही. स्वयंसेवकाचे स्वतःचे नाते किंवा व्यवहार गुंतलेला असेल, तर त्याने ते प्रकरण दुसऱ्याकडे सोपवावे. मजुराला हे कळले नाही तर एक वेळ चालेल, पण नंतर कळले तर त्या गावात पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

माणसे अडवून ठेवल्याचे कळले, तर स्वतः जाऊन वाद घालू नये. ११२ वर फोन करावा आणि त्याच दिवशी जिल्हाधिकारी किंवा आपल्या उपविभागाचे प्रांत अधिकारी, म्हणजे बेळगाव, चिकोडी किंवा बैलहोंगल येथील एसी, यांना लेखी कळवावे. पोच घ्यावी. लहान मुले असतील तर १०९८, आणि विधी सेवेसाठी १५१००. भारतीय न्याय संहितेत बेकायदा डांबून ठेवणे, सक्तीने काम करून घेणे आणि मानवी तस्करी हे वेगवेगळे गुन्हे आहेत, त्यामुळे नुसत्या ‘मारहाण झाली’ एवढ्यावर तक्रार थांबवू नये. मजूर अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा उल्लेख अर्जात यायलाच हवा. सुटका झाल्यावर प्रत्येकाचा जबाब मालक-मुकादमाच्या नजरेआड आणि त्याला कळणाऱ्या भाषेत नोंदवला जातो आहे ना, हे पाहावे.

यात नेहमी राहून जाणारी गोष्ट म्हणजे मुक्तता प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटका झाल्याचा सरकारी दाखला. अधिकारी चांगल्या हेतूने मजुरांना गाडीत बसवून गावी पाठवतात आणि प्रकरण मिटल्यासारखे वाटते. प्रमाणपत्राशिवाय गेलेल्या मजुराला पुनर्वसनाचे पैसे मिळवताना नाकी नऊ येतात. केंद्राच्या योजनेत तात्काळ मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे आणि ती आरोपीला शिक्षा होईपर्यंत अडवून ठेवायची नसते. पुढील पुनर्वसन रक्कम प्रौढ पुरुषासाठी १ लाख, स्त्रिया व मुलांसाठी २ लाख आणि अतिशय गंभीर प्रकरणांत ३ लाख अशी ठरलेली आहे. तेव्हा गाडी सुटण्याआधी प्रमाणपत्र प्रत्येकाच्या नावाने आणि गावच्या पूर्ण पत्त्यासह हातात पडले पाहिजे.

अर्ज कसा लिहावा

थकलेल्या मजुरीचा अर्ज काम जिथे झाले तिथल्या कामगार खात्याकडे, म्हणजे आपल्याकडे बेळगावच्या सहायक कामगार आयुक्तांकडे किंवा तालुक्याच्या कामगार निरीक्षकाकडे द्यावा. वेतन संहितेनुसार मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. पूर्वी ही मुदत किमान वेतनासाठी सहा महिने आणि थकीत वेतनासाठी एक वर्ष होती, त्यामुळे ‘मुदत गेली’ हे जुन्या सवयीचे उत्तर लगेच मान्य करू नये. अर्ज नोंदणीकृत कामगार संघटनेलाही करता येतो. टोळी गावी गेल्यावर तारखांना हजर कोणी राहायचे, हा प्रश्न त्यामुळे पुष्कळसा सुटतो. निपाणीच्या तंबाखू वखारींतील बायकांनी १९८० च्या सुमारास संघटना बांधून जे मिळवले, ते एकेकीच्या अर्जाने मिळाले नसते, हे या भागात वेगळे सांगण्याची गरज नाही.

मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ: ‘आम्ही खाली सही करणारे सोळा मजूर अमुक गाव, तालुका व जिल्हा येथील रहिवासी असून, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक गावांच्या शिवारात ऊसतोडीचे काम केले. आम्हांस अमुक मुकादमाने आणले. वाहतूक ठेकेदार अमुक, ट्रॅक्टर क्रमांक अमुक, आणि ऊस अमुक कारखान्यास गेला. प्रत्येकाचे कामाचे दिवस, मिळालेली रक्कम व येणे रक्कम यांचा तक्ता सोबत जोडला आहे. हिशेब मागितला असता तो दिला गेला नाही. आमची येणे मजुरी व नियमाप्रमाणे भरपाई मिळावी.’ यात मुकादम, ठेकेदार आणि कारखाना या तिघांची नावे घालणे महत्त्वाचे आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते. कारखान्याचे शेती कार्यालय ‘ती आमची माणसे नाहीत’ असे सांगेलच. ते त्यांना अधिकाऱ्यासमोर लेखी सांगू द्यावे. सर्वांचे गावचे पत्ते, दोन-दोन मोबाईल क्रमांक, बँक खात्याचे तपशील आणि अंगठा असल्यास साक्षीदाराची सही हे सर्व टोळी निघण्यापूर्वी घ्यावे. ज्या शेतकऱ्याच्या फडात तोड झाली त्याची चार ओळींची लेखी साक्ष मिळाली, तर सोन्याहून पिवळे. तो इथेच राहणारा असतो.

अर्ज कोणत्या भाषेत द्यावा, यावर आपल्याकडे लगेच आवाज चढतात. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार दिला आहे, त्यामुळे मराठी अर्ज भाषेच्या कारणावरून परत करता येत नाही. तरीही माझा सल्ला असा की मराठी मूळ अर्जाला कन्नड भाषांतर जोडून एकत्रच द्यावे. मजुराची पोरे गावाकडे वाट पाहत असतात. भाषेचा लढा लढण्यासाठी त्याच्या मजुरीची फाईल ही जागा नव्हे. मूळ अर्ज मराठीत ठेवण्याचे कारण निराळे आहे: सही करणाऱ्याला आपण कशावर सही केली, ते वाचून दाखवल्यावर कळले पाहिजे.

सहीवरून आणखी एक. उचल देताना कोऱ्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या धनादेशावर सह्या घेण्याची पद्धत सर्रास आहे. आधी सांगता आले तर सह्या करू नका म्हणून सांगावे. झाल्या असतील तर ‘अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, कोऱ्या कागदावर सही घेतली’ असे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवून त्याची प्रत जपावी. पुढे धनादेश न वटल्याची नोटीस बीडच्या पत्त्यावर गेली, तर ती गुंडाळून ठेवू नये. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेले पाहिजे.

मोफत वकील

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतील व्यक्ती, मानवी तस्करी व वेठबिगारीचे बळी आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. टोळीतील पुरुषाच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरून काम अडले, तर त्याच्या पत्नीच्या स्वतःच्या मजुरीचा अर्ज पुढे करावा. तिला दाखला लागत नाही. जिल्हा प्राधिकरणाचे कार्यालय बेळगावच्या न्यायालयाच्या आवारात आहे आणि जिथे तालुका न्यायालय आहे तिथे तालुका विधी सेवा समिती असते. मजूर गावी परतला असेल, तर त्याने आपल्या जिल्ह्याच्या प्राधिकरणात अर्ज द्यावा आणि तो बेळगावकडे पाठवण्याची विनंती त्यातच लिहावी. वकील नेमल्याचे पत्र आले म्हणजे काम झाले, असे समजू नये. त्या वकिलाला आपली वही, तक्ता आणि भाषांतर नेऊन द्यावे. तयार कागद हातात पडले की पॅनेलवरचा वकीलही मन लावून काम करतो. प्रकरण वरच्या न्यायालयात गेले, तर बेळगाव जिल्ह्यासाठी ते कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जाते.

अपघात, आणि बायकांच्या तक्रारी

ट्रॅक्टर-ट्रॉली उलटणे, फडात साप चावणे, भट्टीत भाजणे, इमारतीवरून पडणे असे काही घडले की पहिल्या चोवीस तासांतील कागद निर्णायक ठरतात. रुग्णालयात ‘घरी पडला’ असे लिहून घेण्याचा आग्रह होतो. तिथे ‘कामावर असताना’ हे शब्द पडलेच पाहिजेत. रस्त्यावरील अपघात असेल तर पोलिसांत नोंद आणि मोटार अपघात दावा. त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. कामावरील इतर अपघातांच्या भरपाईचा दावा दोन वर्षांत करावा लागतो. या दोन्ही दाव्यांत मजुराच्या सोयीची मोठी गोष्ट आहे: ते अपघाताच्या ठिकाणीच करावे लागतात असे नाही, मजूर किंवा त्याचे वारस जिथे राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतात. कागद इथे गोळा करून दावा गावाकडे लावणे अनेकदा शहाणपणाचे असते. फाउंड्रीतील मजुराचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि तिथे दहा किंवा अधिक माणसे असतील, तर ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) क्रमांक आधी विचारावा, कारण मग भरपाई त्या मार्गाने मिळते. पोलिसांनी ‘ही आमची हद्द नाही’ म्हटले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्दीचा विचार न करता तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे सांगावे. तरीही नकार आला तर मजकूर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावा.

फडावर किंवा भट्टीवर बाईचा छळ झाला, तर तिथे तक्रार समिती नसतेच. अशांसाठी २०१३ च्या कायद्याने जिल्हा पातळीवर स्थानिक समिती ठेवली आहे आणि तक्रार तीन महिन्यांत करायची असते. तक्रार करायची की नाही, हे त्या बाईनेच ठरवावे. तिच्या नावाची चर्चा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये, आणि तीच शिस्त बाकीच्या सर्व प्रकरणांनाही लावावी.

खानापूरहून बाहेर जाणाऱ्यांसाठी

आपल्या गावातून जाणाऱ्यांना हेच सर्व निघण्यापूर्वी सांगता येते, आणि तेव्हा त्यांना ऐकायला वेळही असतो. ग्रामपंचायतीत एक नोंदवही ठेवून कोण, कोणाबरोबर, कुठे, कोणत्या कामाला आणि किती पगारावर गेला, एवढे लिहून घ्यावे; पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) मनावर घेतले तर हे एका ग्रामसभेत सुरू होते. नेणाऱ्या माणसाच्या आधारकार्डाचा आणि गाडीचा फोटो घरी ठेवावा. मजुराने मूळ आधारकार्ड कोणाच्याही ताब्यात देऊ नये. गोव्यात मजुरी थकली तर अर्ज गोव्याच्या कामगार खात्याकडे करायचा असतो, बेळगावला नव्हे. मात्र विधी साहाय्याचा अर्ज खानापूरच्या समितीमार्फत पाठवता येतो.

हुकूम झाल्यावर

अर्जावर सुनावणी होऊन रक्कम ठरली, तरी पैसे आपोआप येत नाहीत. मालकाने भरणा केला नाही, तर अधिकारी वसुली प्रमाणपत्र काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. व्यवहारात ही फाईल डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, कार्यालयातून तहसीलदारांकडे जाते आणि तिथे थांबते. म्हणून प्रमाणपत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी, पंधरवड्यातून एकदा तालुक्याच्या मिनी विधानसौधात, म्हणजे तालुका कचेऱ्यांच्या इमारतीत, जाऊन विचारणा करावी, आणि दोन-तीन फेऱ्यांत हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात फाईलची सद्यःस्थिती मागावी. तडजोडीचा निरोप याच टप्प्यावर येतो, आणि तो मजुराला थेट न येता स्वयंसेवकाला येतो. तो जसाच्या तसा सर्व अर्जदारांना फोनवर कळवावा, आपले मत विचारले तरच द्यावे. पैसे स्वयंसेवकाच्या किंवा मुकादमाच्या हाती रोख न घेता प्रत्येकाच्या, आणि बायकांच्या बाबतीत त्यांच्या स्वतःच्या, बँक खात्यात जमा करण्याची अट तडजोडीच्या कागदात लिहून घ्यावी. जमा झाल्याचे पासबुकाचे पान हाती आल्यावरच अर्ज मागे घेतल्याच्या कागदावर सह्या कराव्यात.